विषय: सर्वेक्षणाच्या फॉर्मातला ‘मातृभाषा’ रकाना

नमस्कार मंडळी,
मराठवाड्यातून कॅनडात आलेल्या कुटुंबांच्या सर्वेक्षणाचा कच्चा फॉर्म सोबत आहे. भाषेवर एकच प्रश्न ठेवलाय: ‘मातृभाषा कोणती?’ गणेशोत्सवात दारावरच फॉर्म वाटायचा विचार आहे. लातूर-नांदेडकडच्या अभ्यासकांनी एकदा नजर टाकावी.
— सर्वेक्षण समिती

नमस्कार,
फॉर्म छापायच्या आधी भाषेचा भाग बदलाच. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जिच्यात बोलायची ती भाषा. आज घरात काय चालतं, ते त्यातून कळत नाही. कॅनडाची जनगणना मातृभाषा, घरात सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा आणि इंग्रजी-फ्रेंच येतं का, हे वेगवेगळं विचारते. प्रश्न त्यांच्याच शब्दांत घ्या, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतील.

पुढे एक तक्ता जोडा. ओळीत माणसं: आजी-आजोबा, जोडीदार, थोरलं लेकरू, धाकटं लेकरू. रकाने दोन: ‘मी त्यांच्याशी’ आणि ‘ते माझ्याशी’. आई मराठीत विचारते, ‘जेवलास का रे?’ आणि पोरगा इंग्रजीत उत्तर देतो. रकाना एकच असला की आई ‘मराठी’ लिहून मोकळी होते आणि भाषा नेमकी कुठे सुटते ते दिसतच नाही. भावंडं आपसांत काय बोलतात, ते मात्र लेकरांनाच विचारा.

मराठवाड्याचा माणूस म्हणजे मराठीच, असंही धरू नका. 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला हा मुलुख. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड, गावोगाव दखनी, तांड्यांवर गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची लमाणी. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यात लमाणी ‘हिंदी’च्या गटात गेली आहे. छापील यादीत आपली बोली दिसली नाही की माणूस ‘मराठी’वर खूण करतो. तिथे यादी नको, कोरी ओळ ठेवा. गट नंतर पाडता येतील, पण मूळ उत्तर जसंच्या तसं जपा.

वाटपाचंही बघा. गणेशोत्सवाला येणारे बहुतेक मराठी धरून ठेवलेलेच. तेवढ्यांनाच विचारलं तर भाषा छान टिकलीय असंच उत्तर येणार. किराणा दुकान, मशीद, गुरुद्वारा (नांदेडचे दखनी शीख विसरू नका), विद्यार्थ्यांच्या खोल्या, इथेही फॉर्म जाऊ द्या आणि कोणता कुठून आला याची खूण कोपऱ्यात करा. प्रत्येक कुटुंबाकडून मंडळाबाहेरच्या ओळखीच्या दोनच कुटुंबांची नावं घ्या. जास्त घेतली तर एकाच गोतावळ्याची भरती होते. आणि असा नमुना यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा, नसतो. ‘कॅनडातले इतके टक्के मराठवाडेकर’ असं वाक्य अहवालात कुठेही नको.
— लातूरहून

ताई, फार उपयोगी. दोन शंका: आजी-आजोबांचे फॉर्म नातवंडांनी भरून दिले तर चालेल? आणि ‘स्थायिक झाल्याचं वर्ष’ हा प्रश्न पुरेसा आहे ना?
— सर्वेक्षण समिती

नातवंडांकडून नको. एकटेपणा, पैसा, दुखणं यांवर आजी नातवासमोर ‘सगळं बरं आहे’ एवढंच सांगते. त्यांची बोली येणारा घराबाहेरचा माणूस बसवा. लेकरांना विचारायचं तर पालकांची लेखी संमती घ्या, शिवाय लेकराचा स्वतःचा होकार.

वर्षं दोन विचारा: पहिल्यांदा उतरल्याचं आणि कायम वास्तव्याचा दर्जा मिळाल्याचं. तिथली जनगणना स्थलांतराचं वर्ष म्हणून दुसरं धरते. विद्यार्थी म्हणून आलेल्याची आधीची वर्षं त्यात गळतात, आणि इंग्रजी पक्की झालेली असते ती बहुधा त्याच वर्षांत.
— लातूरहून