भास, भ्रम आणि वात

प्रश्न : डॉक्टरांनी सासऱ्यांबद्दल विचारलं, "भास होतात की भ्रम आहे?" मला उत्तर देता आलं नाही. मी दोन्ही शब्द एकच समजत होते. फरक काय? (देवगड)

उत्तर : ताई, भास डोळ्याकानांना होतो. कोणी नसताना माणूस दिसतो, हाक ऐकू येते. भ्रम म्हणजे मनात घट्ट बसलेली खोटी समजूत : "शेजारी माझ्या पाण्यात विष कालवतात." कितीही पुरावे द्या, हलत नाही. नुसता वहीम समजावल्यावर निवळतो, भ्रम निवळत नाही. काही पुस्तकं यालाच संभ्रम म्हणतात. पण बोलण्यात संभ्रम म्हणजे गोंधळ, म्हणून मला तो शब्द इथे नको वाटतो.

खरा जपायला हवा तो तिसरा शब्द, वात, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपून होणारी बडबड नि भास. आमची आजी पावसाळ्यात तापाने पडली. तिन्हीसांजेला खळ्याकडे बोट करून म्हणायची, "तो बघ, थय उभो आसा," आणि गोधडीचे धागे चिमटीत धरून ओढत राहायची. घरात लगेच 'बाधा' शब्द निघाला, गाऱ्हाणं घालायचं ठरलं. शेजारच्या काकी तेवढ्या म्हणाल्या, "बाधा नाय ती, वातात बडबडता." तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला, रक्तातलं सोडियमही उतरलेलं. उपचार झाले आणि चार दिवसांनी ती आम्हाला नावाने हाका मारू लागली.

वात असा अचानक येतो, तासागणिक कमीजास्त होतो, रात्री वाढतो. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप, न्यूमोनिया, एखादं औषध, काहीही कारण असतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली तर दोन-चार दिवसांत अंगावर किडे फिरताना दिसतात. तेव्हा जिवाला धोका असतो, तडक दवाखाना गाठायचा. स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराची गोष्ट वेगळी. तो बहुधा तरुणपणी सुरू होतो, शुद्ध साफ असते, आणि दिसण्यापेक्षा आवाज जास्त ऐकू येतात. 'बाधा' म्हटलं की हे सगळं एकाच पोत्यात जातं आणि दिवस वाया जातात.

प्रश्न : सासऱ्यांना ताप नाही. मोतीबिंदू पिकलाय. माजघरात मुलं खेळताना दिसतात, पण स्वतःच म्हणतात, "खरी नाहीत गो ती."

उत्तर : मग भास आहे, भ्रम नाही. नजर मंदावलेल्यांना असं होतं. शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांचं हेच लिहून ठेवलं. त्या आजोबांनाही मोतीबिंदूच होता. पण निदान डॉक्टरांनाच करू दे. सासऱ्यांचं ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा.