मदत हवी आहे: तिसरा महिना, वजन वाढतच नाहीये

डोंबिवली_फास्ट: तिसरा महिना चालू आहे आणि वजन काही केल्या वाढत नाहीये, उलट काटा खाली गेलाय. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, आई रोज फोनवर विचारते किती वाढलं. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत काय खाऊ? बाळाला कमी पडत असेल या विचाराने झोप लागत नाहीये. लवकर सांगा प्लीज.

मेथीदाणा: अगं उंची किती, आधीचं वजन किती, उलट्या होतायत का? यातलं काहीच लिहिलं नाहीस, सांगणार तरी काय.

अनूची_आई: डिंकाचे लाडू सुरू कर, रोज सकाळी एक आणि वर कपभर दूध. माझ्या दोन्ही वेळेला यानेच वजन भरलं.

मेथीदाणा: डिंक बाळंतपणानंतर देतात हो ताई. आत्ता मळमळीत तुपाच्या वासानेच भडभडून येईल तिला.

अनूची_आई: आमच्याकडे आधीपण देतात, काही झालं नाही कोणाला.

परळची_सिस्टर: लाडूवरून भांडू नका. मी मॅटर्निटी वॉर्डला काम करते. पहिल्या तीन महिन्यांत सगळं मिळून अर्धा ते दोन किलो वाढलं तरी ठीक असतं, बऱ्याच जणींचं थोडं उतरतंसुद्धा. बाळ आत्ता इवलंसं असतं, खरी वाढ चौथ्या महिन्यापासून. दुप्पट जेवायची गरज कधीच नसते, जास्तीचं लागतं ते साडेतीनशे कॅलरींच्या आसपास, तेही मुख्यतः पुढच्या महिन्यांत. पण मेथीदाणाने विचारलंय ते सांग आधी.

फिट_ठाणे: डिलिव्हरीनंतर पोट कमी करायला माझ्या बायकोने योगा केला, खूप फरक पडला, क्लासचा पत्ता हवा तर सांगा.

मेथीदाणा: दादा, तिला वजन वाढवायचंय.

डोंबिवली_फास्ट: सॉरी घाईत लिहिलं. उंची पाच फूट दोन, आधी ४४ होते आता साडेबेचाळीस. उलट्या दिवसभर, ट्रेनमध्ये तर विचारू नका.

लेडीज_डबा: गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यात चढता येतं, फाईल जवळ ठेव. लेडीजच्या गर्दीत पोटाला धक्के नको खाऊस.

अनूची_आई: त्या डब्यात तरी कुठे बसायला मिळतं आजकाल.

परळची_सिस्टर: तू मुळात बारीक आहेस, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेअठराच्या खाली येतो, म्हणून नऊ महिन्यांत मिळून साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवं. ते पुढे भरून निघेल, आत्ता उलटी आवर. उठायच्या आधी अंथरुणातच कोरडा टोस्ट नाहीतर चुरमुरे खा, पोट रिकामं ठेवू नकोस, दर दोन तासांनी थोडं थोडं: दहीभात, मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. पाणी जेवणाबरोबर नको, मधे मधे घोट घोट घे. फॉलिक अ‍ॅसिड सोडू नकोस. उलटीवर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या असतात, डॉक्टरच देतील, मनाने मेडिकलमधून आणू नकोस. वजन आधीच्या पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे तुझं सव्वादोन किलो, किंवा पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर तारखेची वाट बघायची नाही. सलाईन लागू शकतं.

अनूची_आई: नारळपाणी पण दे गं सिस्टर लिस्टमध्ये.

परळची_सिस्टर: हो, ते चालेल.

डोंबिवली_फास्ट: कालपासून पाणीपण उलटून पडतंय आणि लघवी अगदी गडद आहे. नवऱ्याला ऑफिसातून बोलावलंय, डॉक्टरांकडे निघतोय.