मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलसाठी चायना ग्रास चालेल का?

मंडळी, दादरहून विचारतेय. आईचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलंय. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) दिलंय, ते चालूच राहणार. पण भाऊ म्हणतो, समुद्री शेवाळातली अल्जिनेट, अगार अशी कर्बोदकं आतड्यात जेलीसारखी फुगतात आणि पित्ताम्लं धरून ठेवतात. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. इसबगोलासारखंच की! अगार म्हणजे आपलं चायना ग्रास. पण आई त्याचा खरवस करते तो वाटीभर साखर घालून, मग उपयोग काय? शिवाय तिला थायरॉइड आहे नि शेवाळात आयोडीन, म्हणून सुकं शेवाळ आणायला मी धजत नाही. कुणी आहारतज्ज्ञांना विचारलंय का? गोळीपासून किती अंतर ठेवायचं? बिनसाखरेची एखादी कृती असेल तर तीही सांगा.