खाजगी विद्यापीठाच्या प्रवेशात न्यायालयाचा हात कुठवर?

अमेरिकेतले हार्वर्ड विद्यापीठ खाजगी असूनही न्यायालय त्याच्या प्रवेशप्रक्रियेत कसे शिरले, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर पैशात आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या संस्थेला तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंशावरून भेदभाव करता येत नाही, आणि त्याच आधारावर जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत रद्द केली. मात्र अर्जदाराने आपल्या निबंधात वंशामुळे काय सोसले हे लिहिले, तर ते व्यक्तीचा अनुभव म्हणून विचारात घेता येईल, अशी फट निकालातच ठेवली आहे. वंशाचा रकाना बंद आणि निबंध मात्र चालू, ही कसरत प्रवेश अधिकाऱ्यांना झेपेल का, याविषयी मला शंकाच आहे.

आपल्याकडे वाद नेमका उलट्या टोकाने आला. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांवर शासन आरक्षण लादू शकत नाही असे ठरवले. म्हणजे अनुदान नाही, तर बंधनही नाही. संसदेने लगेच ९३ वी घटनादुरुस्ती करून राज्यघटनेत कलम १५(५) आणले आणि अल्पसंख्याक संस्था वगळून खाजगी संस्थांनाही आरक्षणाच्या कक्षेत घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती खटल्याच्या निकालात ती तरतूद वैध ठरवली. अमेरिकेत घटनादुरुस्ती इतकी अवघड आहे की तिथे असा मार्ग व्यवहारात जवळजवळ बंदच आहे.