गाडीत नेव्हिगेशनवालं हेड युनिट स्वतः बसवायचं आहे : निवड आणि वायरिंगबद्दल सल्ला हवा

वाटसरू_०७

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ सालची आहे. कंपनीचा डबल डिन (दुप्पट उंचीच्या प्रमाणित आकाराचा) रेडिओ-सीडी, चार स्पीकर, वेगळा ॲम्प्लिफायर नाही. स्टिअरिंगवर आवाजाची आणि गाणं बदलायची बटणं आहेत, ती चालू राहायला हवीत. मागचा कॅमेराही सोबतच बसवणार आहे. मोबाईलला रेंज नसली तरी रस्ता दिसला पाहिजे, ही मुख्य अट. गाडीचं मूळ वायरिंग कापायचं नाही. मल्टिमीटर वापरता येतो.

युनिट कोणत्या प्रकारचं घ्यावं? मूळ कपलरला (वायरच्या प्लगला) ते जोडताना काय तपासावं? आणि जीपीएसचा अँटेना काचेवर न चिकटवता डॅशबोर्डच्या आत लपवला तर चालतो का?

सातवा_गिअर

तीन प्रकार आहेत. पहिला, ज्याच्या आतच नकाशे आणि जीपीएस असतं असं नेव्हिगेशन युनिट. यात बहुधा जायरो सेन्सर (गाडी किती वळली ते ओळखणारा) असतो आणि गाडीच्या वेगाचा पल्स घेणारी वायरही, त्यामुळे बोगद्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये उपग्रह दिसेनासे झाले तरी बाण पुढे सरकत राहतो. दुसरा, अँड्रॉइडवर चालणारा मोठा पडदा. तिसरा, फक्त अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले देणारा. यात नकाशा फोनमधूनच येतो.

तुमची अट पाहता तिसराही चालेल, कारण ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवतात आणि जीपीएसला इंटरनेट लागत नाही. माझी पसंती पहिल्याला किंवा तिसऱ्याला. स्वस्त अँड्रॉइड युनिटमध्ये २ जीबी रॅमवर नकाशा, गाणी आणि कॅमेरा एकदम चालवले की सगळंच अडखळतं. अँड्रॉइडच घ्यायचं तर रॅम किमान ४ जीबी हवी, आणि मागे हवा खेळायला जागा ठेवा. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमध्ये प्रोसेसर गरम झाला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो.

वापरलेलं जुनं नेव्हिगेशन युनिट मिळत असेल तर आधी त्यावरची तारीख पाहा. जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. मागच्या वेळी तो ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री आला. ज्या युनिटचं सॉफ्टवेअर त्यासाठी तयार नव्हतं ती सुमारे १९ वर्षं ७ महिने मागची तारीख दाखवतात. काहींचा ठावठिकाणा तरीही बरोबर येतो, पण पोहोचण्याची वेळ आणि रात्रीचा रंग बदलणं बिघडतं. अपडेट नसेल तर घेऊ नका.

तारतम्य

युनिट कोणतंही घ्या, पण आधी कपलर बघा आणि मग खरेदी करा. बसवल्यानंतरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ युनिटमध्ये नसतं, चुकीच्या पिनला जोडलेल्या विजेत असतं.

तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठीचा तयार हार्नेस मिळतो. त्याच्या एका बाजूला गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूला आयएसओ कपलर (कार रेडिओचा प्रमाणित प्लग) किंवा सुट्या वायर. तो घेतला की मूळ वायरिंगला हातही लावावा लागत नाही.

आयएसओच्या विजेच्या ब्लॉकमध्ये (ए) पिन ४ म्हणजे कायमचा १२ व्होल्ट, ७ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा (एसीसी), ५ अँटेनाचा, ६ दिव्यांसोबत येणारा, ८ अर्थ. युनिटकडच्या वायर त्याच क्रमाने पिवळी, लाल, निळी, नारिंगी, काळी. स्पीकरचा ब्लॉक (बी): १-२ मागचा उजवा (जांभळी), ३-४ पुढचा उजवा (राखाडी), ५-६ पुढचा डावा (पांढरी), ७-८ मागचा डावा (हिरवी). काळी रेघ असलेली वायर त्या जोडीतली निगेटिव्ह.

हे सगळं कागदावरचं झालं. प्रत्यक्षात प्रत्येक पिन मोजा. मीटरची काळी प्रोब गाडीच्या उघड्या धातूला, लाल प्रोब पिनला. किल्ली बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवेल तो कायमचा. किल्ली पहिल्या टप्प्यावर नेल्यावर येईल आणि काढल्यावर जाईल तो एसीसी. पार्किंग लाइट लावल्यावरच येईल तो दिव्याचा. त्यावरून युनिटची वीज कधीही घेऊ नका. असा एसीसी कुठल्याच पिनवर सापडला नाही तर तुमच्या गाडीत किल्लीचा संदेश कॅनबसवरून (गाडीतल्या यंत्रणांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरवरून) जातो. मग हार्नेससोबत कॅनबसचा डबा घ्यावा लागेल, आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगची बटणंही त्याच डब्यातून येतात.

स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लावू नका आणि दोन स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्रही करू नका. आताच्या युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरवर सिग्नल असतो. एक अर्थला टेकली की आउटपुटची चिप जळू शकते.

निळी_पक्कड

कामाचा क्रम सांगते.

रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा. पुस्तिकेत नसेल तर किमान ५ मिनिटं, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेतली साठलेली वीज उतरते. ही पायरी गाळू नका. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा दिवा मधल्या पॅनलवरच असतो. त्या दिव्याचा कपलर काढलेला असताना किल्ली ऑन केली की एअरबॅगची चूक नोंदली जाते आणि दिवा पेटून राहतो. पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरला मीटर लावायचा नाही.

(तारतम्य यांनी सांगितलेली मापं घेताना बॅटरी जोडावीच लागते. तेव्हा रेडिओ सोडून बाकीचे सगळे कपलर परत लावा, मगच बॅटरी जोडून किल्ली फिरवा.)

पॅनल काढायला प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने कड दबते आणि खूण कायमची राहते. क्लिपच्या जवळ सरळ बाहेर ओढा, कोपऱ्यातून पिरगाळू नका. गार प्लास्टिक तडकतं, म्हणून थंडीत आधी केबिन गरम करून घ्या.

डबल डिनची जागा १८० गुणिले १०० मिमी असते. कॅलिपर लावायची गरज उंची-रुंदीला नाही, खोलीला आहे. सीडी असलेली युनिट साधारण १६० मिमी खोल असतात, आणि मागे कपलर व वायरसाठी आणखी ४०-५० मिमी हवेत. एसीची नळी किंवा लोखंडी आडवी पट्टी मध्ये येत असेल तर कमी खोलीचं युनिट घ्या. बाजूच्या ब्रॅकेटला युनिटसोबत आलेलेच स्क्रू लावा. लांब स्क्रू आत बोर्डला टेकतो.

जोडणी क्रिंप करा (पक्कडीने दाबून पक्की करा). हार्नेसच्या सुट्या वायर आणि युनिटच्या वायर रंगाला रंग जुळवून आधी टेबलावर जोडून घ्या, गाडीत वाकून जोडू नका. ७-८ मिमी वेष्टन सोला, वायरच्या जाडीला बसणारा बट कनेक्टर (दोन टोकं जोडणारी धातूची नळी), योग्य खाच असलेली पक्कड, मग ओढून बघा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसता पीळ देऊन वीजवाली टेप लावली तर उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि टेप उलगडते. संपूर्ण जुडगा कापडी टेपने गुंडाळा, नाहीतर खडखड ऐकू येते.

स्टिअरिंगच्या बटणांच्या दोन-तीन वायर असतात: की १, की २ आणि अर्थ. जुन्या पद्धतीच्या गाडीत प्रत्येक बटणाचा रोध वेगळा असतो आणि युनिटच्या सेटिंगमध्ये एकेक बटण दाबून ते शिकवावं लागतं. अर्थ जोडायचा राहिला तर सगळी बटणं एकच काम करतात किंवा आपोआप आवाज वाढतो.

युनिटची हँडब्रेकची वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा. ती थेट अर्थला लावून, म्हणजे हँडब्रेक ओढल्याचं युनिटला भासवून, चालत्या गाडीत व्हिडिओ उघडणं हा जिवाशी खेळ आहे.

सातवा_गिअर

क्रिंपबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. नीट केलेलं सोल्डरिंगही टिकतं, फक्त सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. त्यामुळे सोल्डरच्या दोन्ही बाजूंना हीट श्रिंक २ सेंमी पुढे न्या आणि वायर बांधून टाका. वायरला चावणाऱ्या निळ्या-लाल क्लिपना मात्र माझाही विरोध आहे. त्या काही तारा कापतात आणि वर्षभराने संपर्क सैल होतो.

अवकाशवेध

अँटेना डॅशबोर्डच्या आत चालतो, दोन गोष्टी सांभाळल्या तर. त्याच्या वर फक्त प्लास्टिक असावं आणि सपाट वरची बाजू आकाशाकडे असावी. काचेच्या बुडाशी, डॅशच्या वरच्या कातड्याखाली सर्वात चांगली जागा मिळते. खाली ७ ते १० सेंमी चौरस पत्र्याचा तुकडा ठेवला तर ग्रहण सुधारतं, कारण आतला सिरॅमिक अँटेना त्या पत्र्याला धरूनच काम करतो.

युनिटच्याच डोक्यावर मात्र ठेवू नका. तिथे उष्णताही असते आणि प्रोसेसरचा गोंगाटही. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, अतिशय क्षीण असतो. शेजारी डॅशकॅम किंवा हलक्या प्रतीचा यूएसबी चार्जर असेल तर त्यातली गडबड त्याला सहज झाकून टाकते. उष्णता परतवणारी धातूचा थर दिलेली काच किंवा धातूमिश्रित फिल्म असेल तर आतून काहीच मिळणार नाही. अशा काचेवर आरशाच्या मागे बहुधा विनाथराचा चौकोन सोडलेला असतो, अँटेना तिथे आणावा.

डॅश बंद करण्याआधी मोकळ्या आकाशाखाली उपग्रह दाखवणारं ॲप उघडा. चार उपग्रह हा ठिकाणासाठी किमान आकडा. प्रत्येकाची ताकद ३५ ते ४५ डीबी-हर्ट्झ असेल तर उत्तम, बहुतेक २५ च्या खाली असतील तर जागा बदला. मग डॅशकॅम चालू-बंद करून आकडे पडतात का पाहा. पहिल्यांदा चालू केल्यावर घाई नको, इंटरनेट नसेल तर उपग्रहांचं पूर्ण पंचांग (कोणता उपग्रह कधी कुठे असेल ते) उतरायला १२.५ मिनिटं लागतात. केबल पातळ असते, ती पॅनलच्या क्लिपखाली चेपली की ग्रहण गेलंच.

निळी_पक्कड

कॅमेऱ्याचं राहिलं होतं. युनिट कॅमेऱ्याचा एएचडी (जास्त स्पष्ट) सिग्नल घेतं की जुना, साधा सीव्हीबीएस, ते आधी बघा. सेटिंग जुळलं नाही तर पडदा काळा राहतो किंवा चित्र धावतं. कॅमेऱ्याची वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतात, पण काही गाड्यांत त्या दिव्याला वीज तुकड्या-तुकड्यांनी जाते आणि चित्र लुकलुकतं. तसं झालं तर वीज एसीसीवरून द्या आणि दिव्याची वायर फक्त युनिटच्या रिव्हर्स ट्रिगरला लावा. ट्रिगरही थरथरला तर कपॅसिटर असलेला रिले मध्ये घाला. डिकीची केबल मूळ रबरी नळीतूनच न्या. फोनवर बोलायचा माईक पुढच्या खांबावर लावणार असाल तर त्याची वायर पडदा-एअरबॅगच्या (खिडकीवर उघडणाऱ्या) मागून जाऊ द्या, पुढून नको.

वाटसरू_०७

सगळ्यांचे आभार, मापं घेतली. किल्ली बंद असताना हार्नेसच्या पिन ७ वर १२.५ व्होल्ट आहे आणि पिन ४ वर शून्य. किल्ली फिरवल्यावर ४ वरही येतो. हार्नेस चुकीचा आहे का? आणि युनिट डॅशबोर्डबाहेर ठेवून तात्पुरतं जोडलं तर ॲक्सिलरेटरसोबत चढणारी शीळ स्पीकरमधून येते.

तारतम्य

हार्नेस बरोबर आहे. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत या दोन पिन अदलाबदल असतात. असंच जोडलं असतं तर किल्ली काढली की प्रत्येक वेळी घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथ सगळं पुसलं गेलं असतं. हार्नेसवर पिवळ्या आणि लाल वायरमध्ये सुटे होणारे गोल कनेक्टर असतात, ते तिरके लावा, म्हणजे पिवळी लालला आणि लाल पिवळीला. पिवळ्यावरचा फ्यूज पिवळ्यावरच राहू द्या आणि युनिटवर छापलेल्या अँपिअरपेक्षा मोठा घालू नका.

शीळ बहुधा अर्थची आहे. काळी वायर मूळ कपलरच्या अर्थवर असेल तर युनिटच्या मागच्या पत्र्याला दुसरी १.५ चौ.मिमी वायर लावून डॅशमागच्या बॉडीच्या बोल्टला न्या, बोल्टखालचा रंग खरवडून. कॅमेऱ्याची आरसीए (व्हिडिओची गोल) पिन काढल्यावर शीळ थांबत असेल तर कॅमेऱ्याचा अर्थही त्याच बोल्टला आणा.

एफएम खरखरत असेल तर गाडीचा अँटेना ॲम्प्लिफायरवाला असू शकतो. त्याला निळ्या वायरवरून १२ व्होल्ट देणारा अडॅप्टर लागतो.

पॅनल लावण्याआधी झोपेतला करंट (गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा) मोजा. निगेटिव्ह काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. गाडी बंद, किल्ली लांब, उघड्या दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज जातो. अर्ध्या तासाने आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. आला नाही तर पिवळ्यावरचा फ्यूज काढा. त्याने आकडा पडला तर युनिट झोपत नाही: सेटिंगमध्ये बंद होण्याचा उशीर किती ठेवला आहे ते बघा, आणि लाल वायरवर किल्ली काढल्यावर खरोखर शून्य व्होल्ट येतो का, ते पुन्हा मोजा.