लेवीयापाशी अडलेला संकल्प: आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

सॅमदादा (पुणे): जय ख्रिस्त सगळ्यांना. वॉचनाईटच्या, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या, उपासनेनंतर आपण ठरवलं होतं, यंदा उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं आणि रोजचं वाचन झालं की इथे टिक टाकायची. पहिल्या आठवड्यात ग्रुप टिकांनी भरला होता. आता फक्त शांतामावशीची दिसते. बाकीचे कुठे आहेत?

रूथ: दादा, निर्गम या दुसऱ्या पुस्तकात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली तेव्हाच वेग मंदावला होता. त्यापुढच्या लेवीय या पुस्तकात पूर्ण थांबलं. दोन दिवस चुकले की सहा-सात अध्याय साचतात, मग पुस्तक उघडायलाच नको वाटतं.

डॅनी: हिशोबच तसा आहे. 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच. उत्पत्तीचे 50, निर्गमचे 40 संपले की जानेवारीच्या शेवटी लेवीय हजर. मला वाटतं आता सोडून देऊ आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, नव्याने सुरू करू.

शांतामावशी (नगर): नव्याने कशाला रे? शब्बाथ शाळेत इतकी वर्षं शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्कॉटलंडमध्ये डंडीला रॉबर्ट मरे मॅकशेन नावाचे तरुण पाळक होते. त्यांनी 1842 च्या डिसेंबरात आपल्या मंडळीसाठी वाचनाचा तक्ता केला. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तो तक्ता आजही जगभर वापरतात. पण तक्त्याबरोबर त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, वाचणारा स्वतःला नीतिमान समजू लागेल, डोळे ओळींवरून फिरतील पण मन दुसरीकडेच असेल आणि काहींना हे न पेलणारं जू वाटेल. रूथ, तुझं हे चौथं आहे. आणि आपल्या टिका बघून मला पहिल्या दोन धोक्यांची काळजी वाटते. मॅकशेन मार्च 1843 मध्ये टायफसने गेले, अवघे 29 वर्षांचे. त्या तक्त्याचे तीन महिनेही पुरे झाले नव्हते. संकल्प पुरा करणं आपल्या हातात नसतं. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो तसं, प्रभूची इच्छा असेल तर.

सॅमदादा: मावशी, टिका दिखाव्यासाठी नव्हत्या गं. एकमेकांना प्रीतीसाठी आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्या, हे इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायातच आहे. एकट्याने संकल्प टिकत नाही, हे आत्ता दिसतंयच.

शांतामावशी: सोबत हवीच. पण मत्तय 6 पण वाच. दान, प्रार्थना आणि उपास, तिन्ही गुप्तपणे करायला प्रभू सांगतो. ज्याची टिक चुकते तो लाजेने गप्प बसतो. मग उत्तेजन कुणाला मिळालं?

वसईचे भावोजी: आमच्याकडे कॅथलिकांत, जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची एक रीत आहे, तीत या दोन्ही गोष्टी सांभाळता येतील असं वाटतं. एका वेळी एकच दोष हातात घ्यायचा. सकाळी उठताना त्याबद्दल सावध राहायचं ठरवायचं, मग दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मागे वळून बघायचं. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके आपल्याच वहीत एका रेघेवर द्यायचे. दिवसात चूक झाली की तिथल्या तिथे छातीला हात लावायचा, चारचौघांत असलो तरी कुणाला कळत नाही. सकाळ-संध्याकाळच्या रेघा ताडून पाहायच्या, कालच्याशी आजची, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. चुकणार हे धरूनच रीत बांधली आहे, म्हणून ती मोडत नाही.

रूथ: भावोजी, हे फार आवडलं. सारखा मोबाइल बघायचा माझा दोष यातच घालते.

डॅनी: पण साचलेल्या अध्यायांचं काय? ते तर वाचावेच लागणार ना?

शांतामावशी: नाही लागणार. मागचं सोड आणि आजच्या तारखेचं उघड. विलापगीत 3 मध्ये देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असं आहे. सोमवारच्या अध्यायांचा दंड बुधवारी कोण मागतंय? आणि लेवीय टाळू नका रे. सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा दिवस आहे, तो वाचल्याशिवाय इब्रीकरांस पत्र नीट उमगत नाही. एकोणिसाव्यात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायला सांगितलंय, आणि त्याच अध्यायात अठरावं वचन आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. प्रभू येशूने सांगितलेली दुसरी मोठी आज्ञा इथलीच. मापांना आणि अर्पणांना कंटाळून थांबणाऱ्याच्या हाती हे लागतच नाही.

सॅमदादा: मान्य. पण वर्षभराचं ओझं कमी कसं करायचं?

शांतामावशी: दानीएलाकडे बघ. राजाच्या ताटातलं खायचं नाही असा त्याने मनात निश्चय केला, पण मागितले किती दिवस? दहा. दहा दिवस आमची परीक्षा पाहा म्हणाला. आणि एकटा नव्हता, तिघे मित्र सोबत होते. आपणही दहा दिवसांपुरतंच ठरवू. मग देवाचे आभार मानून पुढचे दहा.

सॅमदादा: ठीक. ग्रुपवरच्या टिका आजपासून बंद. दोघादोघांच्या जोड्या लावतो, रात्री एक फोन करायचा. काय वाचलं, कुठे अडलं आणि कशासाठी प्रार्थना करू, एवढंच विचारायचं. रूथ आणि मावशी, डॅनी आणि भावोजी. मी आजीसोबत, तिला दिसत नाही म्हणून मी मोठ्याने वाचेन. कुणाला जोडी बदलून हवी असेल तर मला वेगळा मेसेज करा.

डॅनी: भावोजी, साडेनऊला फोन केला तर चालेल? माझी शिफ्ट नऊला सुटते.

वसईचे भावोजी: चालेल. लेवीय 19 उघडून बसतो.