2007 चा फिएस्टा बोल: बॉइसी स्टेटचा ‘स्टॅच्यू’ आपल्या फ्लॅगमध्ये कसा बसवायचा?

रेशीमबाग_संध्याकाळ
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा तो सामना: बॉइसी स्टेट 43, ओक्लाहोमा 42. शेवटचे 2 गुण ज्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवर (पासची हुलकावणी देऊन चेंडू पाठीमागून रनरला) मिळाले, तोच डाव आमच्या पाच-पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये (पाडायचं नाही, कमरेचा फ्लॅग ओढायचा) बसवायचाय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओक्लाहोमासारखा संघ असताना रनर एवढा मोकळा कसा सुटला? आणि सरावात हँडऑफच्या (चेंडू हातोहात देण्याच्या) वेळी चेंडू सारखा खाली पडतो, त्याचं कारण काय असावं?

धरमपेठ_सेफ्टी
आधी परिस्थिती बघा, डाव त्यातूनच कळतो. बॉइसी एकेकाळी 28-10 ने पुढे होती. ओक्लाहोमाने 28-28 केलं आणि लगेच बॉइसीचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) झब्रान्स्की याचा पास अडवून थेट टचडाउन, 35-28. मग 18 सेकंद उरलेले, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू राखायला 18 यार्ड पुढे जायला हवं, चेंडू मधल्या रेषेवर. ड्रिसन जेम्सने साधारण 15 यार्डांवर पास पकडला, म्हणजे तीन कमी. याला इथेच पाडला की सामना खिशात, म्हणून बचाववाले त्याच्यावर तुटून पडले. तेवढ्यात उलट दिशेने आलेल्या जेरार्ड रॅबकडे त्याने चेंडू टाकला आणि रॅब उरलेले 35 यार्ड पळाला. घड्याळात 7 सेकंद.

ओव्हरटाइममध्ये एड्रियन पीटरसन पहिल्याच डावात 25 यार्ड पळून टचडाउन करून आला. बॉइसीच्या चौथ्या डाउनला झब्रान्स्की बाजूला सरकला, स्नॅप (डाव सुरू करणारा मागचा पास) विनी पेरेटाकडे गेला आणि त्याने, म्हणजे एका रिसीव्हरने (एरवी पास पकडणाऱ्याने), टचडाउनचा पास टाकला, 42-41. आता 1 गुणाची किक मारली तर 42-42 आणि पुन्हा त्याच पीटरसनला अडवायचं. बॉइसीचे प्रशिक्षक क्रिस पीटरसन (नावं सारखी, माणसं वेगळी) यांनी 2 गुणांचा डाव मागितला. फार हिशेबी निर्णय होता तो, माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोठा.

रनर मोकळा सुटला तो नजरेमुळे. उजवीकडे तीन रिसीव्हर, झब्रान्स्कीचं तोंड तिकडे, उजवा हात फेकायच्या ढंगात वर, पण रिकामा. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे. इयन जॉन्सनने तो उचलला आणि डावा कोपरा गाठला.

सीताबर्डी_क्यूबी
चेंडू पडतो कारण क्वार्टरबॅक तो ‘द्यायला’ जातो. या डावात चेंडू द्यायचा नसतो, ठेवायचा असतो. डावा तळवा चेंडूखाली, चेंडू आडवा, कमरेच्या उंचीला, पाठीपासून वीतभर लांब, आणि मग तो हात हलवायचा नाही. रनर कुठे आला हे चाचपायला हात मागे-पुढे झाला की चेंडू त्याच्या कोपरावर आदळतो.

रनर क्वार्टरबॅकच्या उजवीकडे, यार्डभर मागे उभा. तो पाठीमागून डावीकडे जातो तेव्हा चेंडू त्याच्या उजव्या अंगाला येतो. म्हणून उजवं कोपर छातीएवढं वर, डावा तळवा पोटाखाली. बरेच जण सवयीने डावं कोपर वर घेतात, मग चेंडूला शिरायला जागाच राहत नाही. आणि हुलकावणीचा हात वर जाईपर्यंत रनरने जागा सोडायची नाही. तो आधी निघाला तर बचावाला डाव आयता कळतो.

सुरुवातीला चालत 20 वेळा, मग अर्ध्या वेगाने 20, बचाव न लावता. क्वार्टरबॅकने मान वळवली की ती खेप मोजायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळीही तळवे ओले राहतात, कंपोझिटचा चेंडू घ्या आणि दर पाच-सहा खेपांनी पुसा. त्यासाठी दुपट्टा लाइनबाहेर ठेवा, कमरेला खोचू नका. फ्लॅग झाकला गेला तर दंड बसतो.

सदर_रशर
वरचं बरोबर आहे, पण नियम विसरू नका. एन्ड झोनच्या (टचडाउनच्या पट्ट्याच्या) अलीकडे 5 यार्डांत धावायचा डाव चालत नाही. टचडाउननंतर 1 गुणाचा प्रयत्न 5 यार्डांवरून, तिथे फक्त पास. म्हणजे स्टॅच्यू ठेवा 2 गुणांसाठी, 10 यार्डांवरून. कॉलेज फुटबॉलमध्ये हे अंतर 3 यार्ड असतं, म्हणून आपल्या रनरला जास्त पळावं लागतं आणि ब्लॉक करायलाही कोणी नसतं.

रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचाववाला) स्नॅपच्या रेषेपासून 7 यार्डांवरून सुटतो. क्वार्टरबॅक 5 यार्ड मागे असेल तर त्याच्यापर्यंत यायला साधारण दोन सेकंद. तेवढ्यात स्नॅप, हुलकावणी, हँडऑफ. रशर आपल्या डावीकडे उभा दिसला तर डाव बदला, तो थेट रनरच्या वाटेत येतो. आणखी एक, हँडऑफ झाला की बाकीच्या बचावालाही स्नॅपची रेषा ओलांडायची मोकळीक मिळते. म्हणून उजवीकडच्या दोघा रिसीव्हरांनी शेवटपर्यंत जीव तोडून आपला रूट (ठरलेली वाट) पळायचाच, हात वर करून चेंडू मागायचा. तिथे आळस केला की डाव गेला.

जेम्स-रॅबचा डाव मात्र उचलू नका. एनएफएल फ्लॅगच्या नियमांत लॅटरल आणि पिच (चेंडू बाजूला किंवा मागे टाकणं) चालत नाहीत.

रेशीमबाग_संध्याकाळ
कोपराचंच चुकत होतं, आता दिसलं. आमचा दुसरा क्वार्टरबॅक डावखुरा आहे, त्याला काय करायचं?

सीताबर्डी_क्यूबी
सगळं उलट. हुलकावणी डाव्या हाताची, चेंडू उजव्या तळव्यावर, रिसीव्हर डावीकडे, रनर डावीकडून उजवीकडे, आणि त्याचं डावं कोपर वर. दोघांचा सराव एकाच दिवशी घेऊ नका, रनरची कोपरं गोंधळतात.